पंचावन्न अंश

सोमवार, १२ एप्रिल १९९९

आजपासून एका पत्र्याच्या डब्याचा ताप मोजायचं काम माझ्याकडे आलं. सतरा वर्षं धुळ्याच्या तेल गिरणीत एक्सपेलरवर, बिया दाबून तेल काढायच्या मशीनवर काढली, आणि आता हे!

चुडामणनं सकाळी कारखान्यात जाताना दोनशे पानी वही हातात दिली. रकाने स्वतः पट्टीनं आखलेले – तारीख, वेळ, खोली, प्रोसेसर. "दाजी, नऊ ते सहा, दर तासाला दोन आकडे. बस्स." खोलीचा आकडा भिंतीवरच्या थर्मामीटरवर बघायचा, कॉम्प्युटरचा पडद्याच्या कोपऱ्यात. पन्नासपर्यंत निवांत. पंचावन्न झाले की टेबलफॅन जवळ सरकवायचा. साठ झाले की काम सेव्ह करून मशीन बंद, आणि गार होईपर्यंत हात लावायचा नाही. सेव्ह कसं करायचं ते तीनदा करून दाखवलं. मी काय दुधखुळा आहे?

माझ्या लग्नात हा नऊ वर्षांचा होता. बहिणीचा, पुष्पाचा पदर धरून रडत होता. आता मला शिकवतो. पण बोलणार काय? घर त्याचं, ताट त्याचं. गिरणीनं मला काढलं त्याला आठ महिने झाले.

तो इथं जळगावला ज्या पाइप कारखान्यात आहे, तिथं जूनमध्ये नवी मशीन येतेय. तिच्यावर तापमान लिहायला माणूस हवाय. धुळ्याचं प्रकरण तिथल्या साहेबांच्या कानावर गेलेलं आहेच. म्हणून ही वही! "दीड महिना नीट ठेवा दाजी. एक जूनला मी ती साहेबांसमोर टाकतो." म्हणजे माझी नोकरी या वहीत. चव्वेचाळिसाव्या वर्षी, मेहुण्याच्या घरी परीक्षा.

मंगळवार, १३ एप्रिल

काल रात्री जेवताना विचारलं, एवढा तापतोच कशानं? तर म्हणे, तीनशे मेगाहर्ट्झचा म्हणून विकलेला प्रोसेसर यानं आतलं सेटिंग बदलून साडेचारशेवर पळवलाय. कारखान्यातल्या डायची, पाइपच्या साच्यांची चित्रं घरी आणतो, ती दिवसभर त्यावर चालतात. तीनशेवर जे संध्याकाळपर्यंत होत नाही ते याच्यावर तीन वाजता होतं. डब्याची एक बाजू काढून ठेवलीय, आत बोटभर पात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि त्यावर पंखा. एवढ्याशा चिपसाठी!

"जेवढं सोसतं तेवढं पळवायचं, दाजी. फक्त नजर पाहिजे."

हे वाक्य मी ऐकलेलं आहे. गिरणीतही सीझनला एक्सपेलर असाच पळवायचे. नजर ठेवायला शालिग्राम, आणि बिघडलं की धरायलाही शालिग्राम.

गुरुवार, १५ एप्रिल

५०, ५१, ५२, ५२. जेवलो. ५३. डोळे दुखले.

सोमवार, १९ एप्रिल

दुपारी डोळा लागला. एकला आडवा झालो तो साडेतीनला जागा. पुष्पा शेजारी लताबाईंकडे पापड करायला गेलेली. उठवणार कोण?

दोन आणि तीनचे रकाने रिकामे. रिकामा रकाना म्हणजे वहीचं तोंड काळं. ५४ आणि ५३ लिहून टाकले. काय बिघडलं? साडेतीनला खरंच ५४ होतं. दोनला काय वेगळं असणार!

आणि खरं सांगायचं तर आकडे भरायची कला माझ्या हातातच आहे. गिरणीत शिफ्ट सुरू झाली की चहा पिता पिता आठही तासांचं रीडिंग लिहून मोकळं व्हायचं. सगळेच करायचे. नवा माणूस सगळीकडे ५५ लिहितो आणि सापडतो. एक वर, एक खाली, मध्ये दोनदा तोच – असं लिहिलं की खुद्द साहेबालाही संशय येत नाही. कोणी वाचत असेल तर ना!

संध्याकाळी चुडामणनं वही उलटली. "छान, दाजी." छान म्हणे.

शनिवार, २४ एप्रिल

आजचे सगळे सकाळी नऊला लिहिले. मग निवांत पेपर वाचला. चुडामणची बायको बाळंतपणाला साक्रीला गेलीय, घरात दिवसा आम्ही दोघंच. बघायला कोण येतंय?

लताबाईंच्या मालकांनी आज कुंपणावरून विचारलं, "धुळ्याला काय झालं होतं हो नेमकं?" जसं काही माहीतच नाही. मी सांगितलं, बेअरिंग गेलं. आतून म्हणालो – माणसाची बोटं गेली, त्याचं विचारा की!

गेल्या ऑगस्टमध्ये. एक्सपेलरचं बेअरिंग तापून फुटलं आणि उखर्डूच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. तो माझा हेल्पर. चौकशी बसली. ग्रीस महिनाभर आलं नव्हतं हे कोणी लिहिलं नाही. मशीन कुवतीबाहेर पळवली हे कोणी लिहिलं नाही. माझी रीडिंगची शीट मात्र टेबलावर पसरली. सापडलो मी! इंजिनिअर अजून तिथंच खुर्चीवर आहे, वजन वाढलंय म्हणतात.

बुधवार, २८ एप्रिल

आज पुष्पानं पकडलं! सातवी शिकलेल्या बाईनं.

ती झाडायला आली आणि वहीत डोकावली. खोली ४३, प्रोसेसर ४१. मी म्हटलं होतं चांगला कमी दिसू दे, साहेब खूश होईल. तिनं आधी थर्मामीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चूल गार आनि सैपाकघर गरम? आसं कोठे ऱ्हास का?"

खोलीपेक्षा आतली चिप गार! पंखा खोलीचीच हवा फेकतो, खोलीच्या खाली जाईलच कसं? एवढी साधी गोष्ट. मी तिच्यावर ओरडलो – तुझं झाडणं बघ. ती गेली. मग ४१ चा ५१ केला. चारचा पाच करायला एक रेघ पुरते.

तिनं जेवताना माझ्याकडे बघितलं नाही. मेहुण्यासमोर पोरीसारखी "आणखी वाढू का" विचारत होती.

रविवार, २ मे

चुडामणला सुट्टी, म्हणून मला सुट्टी. सकाळभर त्याचा प्रिंटर किरकिरत होता. कारखान्याचं काहीतरी असेल.

सोमवार, ३ मे

आज मेलो होतो.

नऊला बसून दिवसभराचं भरलं, नेहमीसारखं. ५२, ५३, ५५, ५४... दहाला लाइट गेली. मी म्हटलं येईल. चारपर्यंत आली नाही! म्हणजे बंद पडलेल्या मशीनचा ताप मी सहा वेळा मोजलेला. ब्लेडनं खरडावं तर कागद फाटेल, पान फाडावं तर त्यानं पानांवर नंबर घातलेत.

जेवताना चुडामणनं सहज विचारलं, "अक्का, आज लाइट कधी गेली होती?"

"दहाले गयी ती चारले उनी. मी त व्हट्यावर बसेल व्हतू दिनभर."

"हं," म्हणाला. वही गुडघ्यावर उघडीच होती. पान उलटलं, मिटली. "छान, दाजी."

याला आकडे वाचता येतात की नाही? इंजिनिअर कसले हे! गिरणीतला तसा हा. कोणी वाचत नाही, कोणी वाचत नाही, कोणी वाचत नाही.

मंगळवार, ११ मे

बाहेर ४५. खोलीत ४४. भिंतीला हात लावला तर तवा.

दोन वाजता सहज पडद्याकडे बघितलं – ६१! टेबलफॅन पुढे ओढला. कूलर ओढावा तर त्यानं बजावलेलं, ओली हवा आत जाऊ द्यायची नाही. ६१ च. बंद करायला हवं होतं. नाही केलं. बंद केलं की वहीत लिहावं लागणार, लिहिलं की साहेब म्हणणार – याच्या हाताखाली पुन्हा तापलं. धुळ्याला तापलं, जळगावला तापलं!

५५ लिहिलं.

अडीचला मशीन गोठली. चित्र अर्धं, बाण हलेना. त्यानं शिकवल्याप्रमाणे पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू केली. सकाळपासूनचं काम गेलं. संध्याकाळी म्हटलं, लाइटनं झटका मारला. त्यानं मान हलवली आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं मला.

मंगळवार, १८ मे

आज उखर्डू आला.

दाराशी उभा, उजवा हात धोतराच्या सोग्यात. खांद्याच्या पिशवीत सोनगीरच्या कैऱ्या. हात जाईपर्यंत गिरणीत सोबत होतो, त्यानंतर मी एकदाही त्याच्या घरी गेलो नाही. तो आला!

"कसं शे, शालिग्राम भाऊ? जळगावले दवाखानामा काम व्हतं. म्हनं, भाऊले भेटीसन जाऊ."

पुष्पानं चहा दिला. कप डाव्या हातात घेतला त्यानं. मग मलाच राहवलं नाही. नऊ महिने त्या बोटांचं कोणी विचारलं नाही म्हणून कुढत होतो, आणि तोंडातून निघालं तरी काय – इंजिनिअरनं ग्रीस दिलं नाही बघ. उखर्डू खाली बघत म्हणाला, "ग्रीस मन्हाकडे व्हतं थोडंसं. तेच भराले गऊ व्हतू. तुन्ही शीटवर पंचावन लिखेल व्हतं ना भाऊ... म्हनीसन मन्हा हात गया तठे."

एवढंच. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. बसचं तिकीट किती पडलं ते सांगावं तसं सांगितलं त्यानं. मीच पुढे म्हटलं, सगळेच तसं लिहायचे रे. तर म्हणतो, "बठ्ठा तसंच लिखतस. तू एकला थोडाच शे."

मला शिवी दिली असती तर सोसली असती.

मग त्याला कॉम्प्युटर बघायचा होता. आतल्या खोलीत नेलं. उघड्या बाजूनं वाकून बघत राहिला, पंखा, ठोकळा, वायरी. "हाई बी तापस का?" मी म्हटलं, तापतं की. "आते कितलं शे?"

आणि मी वहीत बघितलं! पडदा समोर होता. कोपऱ्यात आकडा होता. मी वही उघडली, अकराच्या रकान्यात सकाळी नऊला लिहिलेला आकडा वाचला आणि म्हणालो – पंचावन्न.

"मंग त काही नही," म्हणून त्यानं हात आत घातला. तोच हात, उरलेला अंगठा आणि करंगळी. ठोकळ्याला लावून बघायला.

मी केवढ्यानं ओरडलो! पुष्पा स्वयंपाकघरातून पळत आली. उखर्डूनं हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. पडद्यावर ६० होतं. त्या ठोकळ्यानं फार तर चटका बसला असता, हे मलाही कळतं. पण मी पलंगावर बसलो.

कागदावर कोणापुढेच लिहिलं नाही ते इथं लिहितो. त्या दिवशीचं पंचावन्न मी सकाळी आठला लिहिलं. चहा पीत. बेअरिंगकडे पाठ करून.

बुधवार, १९ मे

नऊ – ५२. दहा – ५५. अकरा – ५८. बारा – ६०, बंद. दीड – सुरू. अडीच – ६१, बंद. चार – सुरू. पाच – ६०, बंद.

सगळे बघून लिहिले. वहीचं पान काय घाणेरडं दिसतंय! चित्र पूर्ण झालंच नाही. आता जाते नोकरी.

चुडामणनं पान बराच वेळ वाचलं. आज "छान" म्हणाला नाही.

रविवार, २३ मे

सकाळी चुडामणनं मशीन पुन्हा तीनशेवर आणली. "दाजी, चार दिवसांचे तुमचे आकडे बघितले. हा उन्हाळा याला झेपणार नाही. पाऊस पडला की बघू."

दिवसभर चालवून बघितली, ५३ च्या वर गेली नाही.

मी लिहिलेला आकडा वाचून कोणी काहीतरी केलं, हे उभ्या जन्मात पहिल्यांदा बघितलं. आनंद व्हायला हवा होता. मला गिरणीचा भयंकर राग आला. आणि मग आठवलं, गिरणीत मी खरा आकडा दिलाच कधी होता!

शनिवार, २९ मे

रिफिल संपली म्हणून त्याचा ड्रॉवर उघडला. आत प्रिंटरच्या सलग कागदाची घडी. वरच तारीख – १२ एप्रिल.

दर दहा मिनिटांनी एक ओळ. वेळ, आकडा. वेळ, आकडा. मशीन स्वतःचा ताप स्वतःच लिहून ठेवतं! पहिल्या दिवसापासून! ३ मेला दहा वाजून चार मिनिटांनी थांबलंय ते चार वाजून दहाला सुरू. ११ मेला दोन वाजता ६१, वीस मिनिटांनी ६४, मग तुटलेलं.

शेजारी लाल पेन्सिलनं माझे आकडे, त्याच्या बारीक अक्षरात. माझं जुळेल तिथं टिक. पहिला आठवडा सगळ्या टिका. १९ एप्रिलपासून एखादी, तीही चुकून जुळलेली. मग पानंच्या पानं कोरी. १९ मेपासून प्रत्येक ओळीला टिक. १९ मेच्या पहिल्या टिकेखाली त्यानं दोन रेघा ओढल्यात.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. ताट वाढलेलं असताना, लाइट कधी गेली विचारताना, "छान" म्हणताना! महिनाभर मी त्याला आंधळा समजत होतो आणि तो माझं एकेक खोटं लाल पेन्सिलनं उतरवत होता. वही ठेवायची गरजच नव्हती मशीनला. वही माझ्यासाठी होती.

घडी होती तशी ठेवली. लाज वाटली. आणि ती वाटायला लावली म्हणून त्याचाच राग आला. रिफिल न घेताच आलो. हे पेन्सिलीनं लिहितोय.

मंगळवार, १ जून

चुडामण वही न्यायला आला. उभ्या उभ्या म्हणाला, "दाजी, मी १९ मेपासूनचीच पानं दाखवली तर? आधीची काढून टाकू."

त्याच्या तोंडावर काही दिसेना. ही दया होती की आणखी एक परीक्षा, मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, राहू दे. आणि पहिल्या पानावर, त्याच्यासमोर, लिहिलं – "१९ एप्रिल ते १८ मे, हे आकडे बसल्या जागी लिहिले आहेत. धुळ्याचे पण." खाली सही.

हे शहाणपण नव्हतं. त्याच्या त्या लाल पेन्सिलीला एकदा तरी हरवायचं होतं मला. तो वाचून गेला. पुष्पा दारात होती. तिला म्हटलं, बांध सामान, आता इथं कुठल्या तोंडानं राहायचं? तिनं बांधलं नाही.

शुक्रवार, ४ जून

काही कळलं नाही. चुडामण विषय काढत नाही. मी विचारणार नाही.

बुधवार, ९ जून

नोकरी लागली. आज पहिली शिफ्ट. साहेबांनी वही माझ्याच समोर मिटली आणि एक अट घातली – रीडिंग मी लिहायचं, पण दर तासाला दुसऱ्या माणसानं मशीनसमोर उभं राहून आकडा बघायचा आणि शेजारी सही करायची. तो माणूस चुडामणनं एप्रिलमध्येच सुचवलेला. मेमध्ये कारखान्याच्या नोकरीसाठी लागणारी तपासणी करायला दवाखान्यात येऊन गेलेला.

आठ वाजता मी पहिला आकडा लिहिला. उखर्डूनं तो बघितला, मशीनकडे बघितलं, पुन्हा आकड्याकडे बघितलं. मग अंगठा आणि करंगळीत पेन धरून, हळूहळू, सही केली.